म्हणे

आमच्या आळे गावात एक समाधी आहे. संतांच्या समाध्या महाराष्ट्रात गावोगाव आहेत. पण ही समाधी एका रेड्याची आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि ज्याच्या मुखातून वेद वदवले, तोच हा रेडा. पुढे ती भावंडे नेवाशाला गेली, तेथे ज्ञानेश्वरी सांगून झाली, आणि आळंदीला परतताना वाटेत आमच्या गावी या रेड्याने देह ठेवला. भावंडांनी त्याला येथेच समाधी दिली. पुणे-नाशिक रस्त्याने जाणारी माणसे आळेफाट्यावर उतरून चहा पितात आणि पुढे जातात. पण जरा वाट वाकडी करून गावात येणाऱ्याला हे देऊळ पाहायला मिळते. माझी आजी ही कथा सांगू लागली की तिच्या वाक्याच्या शेवटी एक छोटासा शब्द हटकून येई. तो शब्द कोणता, हे मी पुढे सांगणार आहे. तो माझ्या कानावर लहानपणापासून होता. पण त्याची किंमत कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

शाळा सुटल्यावर मी पुष्कळदा या देवळाच्या ओट्यावर जाऊन बसतो. घरी तपासायच्या वह्या असतात, अर्धवट राहिलेल्या कादंबरीचे प्रकरण असते, आणि दोन्हींपासून तासभर लपायला याहून चांगली जागा गावात नाही. परवा असाच बसलो होतो. वारा पडला होता, देवळात कोणी नव्हते. इतक्यात खिशातला फोन थरथरला. पाहतो तो एकाच वेळी सतरा निरोप! त्यातले तीन मी वाचले, दोन न वाचताच पुढे पाठवले, आणि फोन खिशात ठेवता ठेवता मनात एक चमत्कारिक विचार आला. हा समोर निजलेला रेडा सगळ्या आयुष्यात एकदाच बोलला, तर लोकांनी त्याचे देऊळ बांधले. मी दिवसातून शंभर वेळा बोलतो. त्याच्या मस्तकावर हात कोणाचा होता, हे लहान मूलही सांगेल. माझ्या मस्तकावर कोणाचा हात असतो?

तुम्ही म्हणाल, हा मास्तर फोनवर राग काढायला बसला आहे. तसे मुळीच नाही. दहावीनंतर कॉलेजची पायरी मी चढलो नाही. एका लहानशा खाजगी शाळेत धाकट्या मुलांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाला या यंत्राने जे दिले आहे, ते नाकारणे म्हणजे कृतघ्नपणा होईल.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने स्वस्त इंटरनेट बाजारात आणले आणि वर्षभरात गावातल्या दूधवाल्यापासून केशकर्तनालयापर्यंत सगळीकडे काचेचे फोन चमकू लागले. मी मात्र बटणांचा जुना फोन धरून बसलो होतो. शेवटी सौभाग्यवतींनी एके दिवशी सांगितले, "अहो, शाळेतली मुलं तुम्हाला हसतात, तेवढं तरी मनाला लावून घ्या!" मी लावून घेतले, आणि २०१७ च्या दिवाळीत आमच्या घरी स्मार्टफोन आला. सौ.नी त्याला हळदकुंकू वाहिले. मी हसलो, पण त्याच्या काचेवर बोटाचा ठसा उठू नये म्हणून दोन दिवस रुमालात गुंडाळून ठेवणारा मीच होतो.

त्या फोनाने पहिले सुख दिले ते आईला. धाकटी बहीण लग्न होऊन सुरतेला गेलेली. तिला मुलगी झाली तेव्हा आईचे गुडघे धरलेले, प्रवास अशक्य. मी फोन लावून आईच्या हातात दिला. काचेत नात दिसली. डोळे मिटलेली, मूठ आवळलेली, इवलीशी. आई कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मग तिने हळूच नातीच्या गालावरून बोट फिरवले, आणि बोट नेमके फोन बंद करण्याच्या खुणेवर पडून नात एकदम नाहीशी झाली! आई दचकून म्हणाली, "अरे, रडली का रे ती?" पुन्हा फोन लावला. त्या दिवसापासून आई दोन्ही हात पदराखाली घेऊन नातीशी बोलते. मला ते पाहून हसू येते आणि गळाही दाटतो.

दुसरे सुख माझे स्वतःचे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची आवृत्ती मी तरुणपणी एकदा एका ग्रंथालयात काचेच्या कपाटात पाहिली होती. ती घरी नेण्याची सोय नव्हती आणि विकत घेण्याची ऐपत नव्हती. आज तो आख्खा कोश शिकागो विद्यापीठाने साऱ्या जगासाठी खुला ठेवला आहे. आळ्याच्या देवळाच्या ओट्यावर बसून मी 'ओटा' हा शब्द त्यात शोधतो, तेव्हा एखाद्या जहागीरदारासारखे वाटते.

शेतकऱ्यांचे सुख तर पैशातच मोजता येते. आळेफाट्यावर कांद्याचा लिलाव होतो, नारायणगावला टोमॅटोचा बाजार भरतो. पूर्वी माल गाडीत भरून बाजारात उतरवल्यावर भाव कळे, आणि मग तो कितीही पडलेला असला तरी माल परत नेण्यात अर्थ नसे. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचे भाव भडकले तेव्हा आमच्याकडची म्हातारी माणसेसुद्धा पहाटे उठून देवाच्या आधी फोनाचे दर्शन घेत होती.

आणि वैताग? तोही सांगतो. ऐन लिहिण्याच्या भरात कोणीतरी माझ्या नावाने कर्ज मंजूर करतो. बँकेचा गुप्त आकडा घराच्या गच्चीवर गेल्याशिवाय येत नाही, आणि जिना चढून जाईपर्यंत त्याची मुदत संपते. शाळेची माहिती "आज चारच्या आत" हवी असते आणि निरोप पावणेचारला येतो. सकाळी दिवा लावायच्या आधी गुलाबाची चाळीस फुले येऊन पडतात. ती सगळी एकाच झाडाची! मग फोन तक्रार करतो की जागा भरली, काहीतरी पुसा. काय पुसायचे? चाळीस गुलाब पुसताना चुकून बहिणीच्या मुलीचा पहिल्या पावलांचा तुकडा मी पुसून टाकला. सौ. माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनमध्ये भरू लागली, तेव्हा या यंत्राचा आणखी एक गुण दिसला. घरात फोन एक, आणि तो वडिलांबरोबर मळ्यात किंवा बाजारात. माझ्या वर्गातला एक मुलगा रात्री दहा वाजता मला निरोप पाठवी, "सर, आजचा अभ्यास झाला." अक्षरांवरूनच कळे की डोळे मिटत आहेत. मी त्याला उत्तर लिही, "शाबास. आता झोप." फोन नसता तर ते मूल माझ्यापासून तुटलेच असते. म्हणून म्हणतो, माझा राग यंत्रावर नाही. मला जे सांगायचे आहे ते यंत्राबद्दल नसून माझ्या बोटाबद्दल आहे.

पूर्वी शब्दाला किंमत पडे, अगदी रोख. माझ्या लहानपणी तार करायची तर शब्द मोजून पैसे द्यावे लागत. त्यामुळे "आई आजारी, ताबडतोब निघा" एवढे लिहितानासुद्धा वडील पेन्सिल घेऊन बसत आणि "ताबडतोब" ठेवावा की काढावा याचा विचार करीत. विचार पैशाचा असे. पण त्या निमित्ताने निरोपाचाही होई. आई खरोखर तितकी आजारी आहे का? तिकडे तार पोचल्यावर काय हाहाकार उडेल? जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. शब्द फुकट झाला ही मोठीच सोय झाली. पण शब्द फुकट होताना त्याच्याबरोबरचा तो पेन्सिल घेऊन बसण्याचा क्षणही नाहीसा झाला, हे आमच्या लक्षात आले नाही. माझ्या तर मुळीच आले नाही.

आता ती गोष्ट सांगतो. गेल्या मार्गशीर्षातली. रात्रीचे नऊ वाजले होते. आमचा जुन्नर तालुका बिबट्यांसाठी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. धरणांचे पाणी आले, उसाचे फड उभे राहिले, आणि बिबट्याला त्या फडात घर मिळाले. माणिकडोहला पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. तेव्हा बिबट्या हा आमच्याकडे कथेतला प्राणी नव्हे. संध्याकाळनंतर लेकरू अंगणात दिसले नाही तर आईच्या पोटात गोळा येतो, तो खरा असतो.

त्या रात्री फोनावर एक चित्र आले. बांधावर बसलेला बिबट्या, मागे हिरवे रान, आणि खाली अक्षरे: "आत्ता आपल्या मळ्यात. मुलांना सांभाळा. पुढे पाठवा." माझ्या डोळ्यांपुढे वर्गातली मुले उभी राहिली. उसाच्या कडेने शाळेला येणारी पाच-सहा तर नावानिशी. मी एका बोटाने ते चित्र पालकांच्या गटात पाठवले, गावच्या गटात पाठवले, भजनी मंडळाच्या गटात पाठवले. सगळे मिळून अर्धे मिनिट लागले असेल. खरे सांगू? फोन खाली ठेवताना मला समाधान वाटले. एक चांगले काम केल्याचे समाधान.

शेतीच्या पंपाची वीज आमच्याकडे पुष्कळदा रात्रीची असते. आमच्या आळीतले तात्या त्या रात्री कांद्याला पाणी भरायला गेले होते. पाट बदलण्यासाठी ते उसाच्या कडेने वाकून चालले होते, बॅटरी बंद करून, कारण चांदणे होते. निरोप वाचून काठ्या-बॅटऱ्या घेऊन निघालेल्या पोरांना उसात सळसळ ऐकू आली, काहीतरी वाकलेले हलताना दिसले. पुढचे मी लिहीत नाही. दगड कपाळावर लागला. डोळा थोडक्यात वाचला. चार टाके पडले.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. डोक्याला पट्टी बांधून तात्या खाटेवर बसले होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "या मास्तर. बसा. पोरांवर रागावू नका, घाबरलेली हुती." मी म्हटले, "तात्या, तो निरोप मी पाठवला होता." ते म्हणाले, "ठाऊक हाय मला. म्हणून तर धावली पोरं. दुसऱ्या कुणाचा असता तर निम्मी घरातच बसली असती. पण मास्तरांनी पाठवलंय म्हटल्यावर खरंच असणार की!" त्या वाक्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

त्याच दिवशी शाळेत चौथीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, काल तुम्ही बिबट्याचा फोटो पाठवला ना? आईच्या फोनवर पाहिला मी." "हो." "सर, पण त्या फोटोत ऊन पडलंय. आणि तुम्ही तर रात्री 'आत्ता' म्हणून पाठवला." मी फोन काढून चित्र पाहिले. बिबट्याच्या पाठीवर लख्ख ऊन होते. त्याची सावलीसुद्धा बांधावर पडली होती. नऊ वर्षांच्या मुलीला जे दिसले ते दोन कादंबऱ्या छापून झालेल्या माणसाला दिसले नव्हते. कारण तिने चित्र पाहिले होते, मी ते नुसते ढकलले होते.

त्या दिवसापासून एक आठवण मला सोडीत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली ती माणसे. मुले पळवणारी टोळी हिंडते आहे, अशी अफवा तेव्हा फोनाफोनांतून फिरत होती. ती बातमी वाचून मी वर्गात मोठ्या तावातावाने बोललो होतो. माणसे अशी कशी वागतात, म्हणून हळहळलो होतो. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली, आणि आपल्या देशात एकच निरोप एका वेळी पाचाहून अधिक ठिकाणी पाठवता येऊ नये असे बंधन जाहीर केले. मला ते फार पसंत पडले होते. आता पाहतो तो मी तर तीनच ठिकाणी पाठवला होता! नियमात बसून पाठवला होता. आणि ज्यांनी ती अफवा पुढे पाठवली, त्यांतल्या पुष्कळांच्याही मनात मुलांची काळजीच असेल. चार टाक्यांवर माझे निभावले, ते माझ्या शहाणपणाने नव्हे. दगड अर्धा इंच वर लागला म्हणून.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. समजा, तो बिबट्या खरा असता तर? मी चौकशी करीत बसलो असतो आणि तेवढ्या वेळात एखादे लेकरू अंगणात गेले असते तर? मग माझा विचारीपणा कोणत्या कामाचा? सौ.नी हाच प्रश्न मला त्या रात्री विचारला. म्हणाल्या, "अहो, न सांगण्याचंही पाप असतंच की." मला उत्तर देता आले नाही. गप्प राहणे हा सज्जनपणा आहे, असे म्हणून सुटका होत नाही. आमच्याकडे तर नाहीच होत.

त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला खोडदला मिळाले. नारायणगावजवळच्या या गावी रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधोमध, बाकीच्या तीन दिशांना कित्येक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे लोकांना पाहायला बोलावतात. तेथे गेल्यावर पाहुण्यांना पहिली गोष्ट सांगतात ती फोन बंद करण्याची. ही दुर्बीण डोळा नसून कान आहे. आकाशातून येणाऱ्या त्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की त्यांच्यापुढे शेजारी वाजलेला एक फोन म्हणजे कानाशी बडवलेला ढोल.

जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले की या कानाने एका फार दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची हाक ऐकली. ती हाक सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली होती. निघाली तेव्हा तिच्या लहरीची लांबी एकवीस सेंटिमीटर होती. वाटेत विश्वच प्रसरण पावत गेले, आणि आपल्यापर्यंत येईतो ती अठ्ठेचाळीस सेंटिमीटर झाली. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने ती हाक मोठी केली नसती तर ती ऐकूही आली नसती. तेथल्या मंडळींचा रोजचा मोठा उद्योग कोणता? आलेल्या आवाजातून माणसांचा गोंगाट निवडून काढणे. हे आकाशाचे बोलणे की खालच्या एखाद्या यंत्राचे, हे ठरवल्याशिवाय ती मंडळी जगाला काही सांगत नाहीत. ८८० कोटी वर्षे चाललेल्या निरोपाला त्यांनी तपासण्यापुरते आणखी थांबवले. आणि मी, माझ्याच शिवारातल्या निरोपाला अर्धे मिनिट थांबवू शकलो नाही.

पण हे उत्तर अर्धेच. शास्त्रज्ञांना थांबायला सवड असते. बिबट्या थांबत नाही. राहिलेले अर्धे उत्तर मात्र घरातच सापडले, आणि ते आईने दिले. तात्यांचे सगळे ऐकल्यावर ती एवढेच म्हणाली, "तू नुसतं 'बिबट्या आलाय' म्हणालास. 'आलाय म्हणे' म्हणाला असतास तर पोरांनी आधी कुणालातरी विचारलं असतं."

म्हणे! हाच तो आजीचा शब्द. "रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला म्हणे. रेडा वेद बोलला म्हणे. मग आपल्या गावी आला म्हणे." लहानपणी मला त्या शब्दाचा राग येई. वाटे, आजीचा या कथेवर विश्वास नाही की काय? आज कळते, तिचा विश्वास माझ्याहून शतपटीने अधिक होता. रोज ती त्या समाधीला हात जोडी. पण मी तेथे नव्हते, मी पाहिलेले नाही, मला माझ्या आजीने सांगितले आणि मी तुला सांगते, हे सगळे ती एका शब्दात, दर वाक्याला, न थकता सांगत असे. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई. पण पाहिलेले आणि ऐकलेले यांच्यात तिने आयुष्यभर कधी गल्लत केली नाही.

आपल्या भाषेने ही केवढी सोय करून ठेवली आहे! दोन अक्षरे. त्यांत निरोप थांबत नाही, उशीर होत नाही, कोणाला खोटे पाडावे लागत नाही. "बिबट्या दिसला म्हणे, लेकरं आत घ्या." झाले! सावध करण्याचे कर्तव्यही झाले आणि खरेपणाही राहिला. ऐकणाऱ्याला कळते की सांगणाऱ्याने पाहिलेले नाही. म्हणजे दाराला कडी लावावी, पण दगड उचलू नये. कडी लावायला 'म्हणे' पुरते. दगड उचलायला पुरत नाही. या दोहोंमधल्या अंतरावर तात्यांचा डोळा होता.

फोनाला 'म्हणे' म्हणता येत नाही. पुढे पाठवल्याची ती लहानशी खूण तो दाखवतो खरा. पण ती इतकी फिकट असते की माझ्या आईच्या चष्म्याला ती दिसत नाही. ठळक दिसते ते माझे नाव. दुसऱ्या कोणाचे तरी वाक्य माझ्या नावाखाली जाऊन उभे राहते, आणि वीस वर्षे मुलांना शिकवून जे थोडेसे वजन गावात मिळवले, ते सगळेच्या सगळे त्या अनोळखी वाक्याच्या पाठीशी लागते. मी ते वजन दिले आहे हे मला ठाऊकही नसते. विश्वास ही मोठी विचित्र ठेव आहे. ती लोकांनी माझ्याकडे ठेवलेली असते, आणि खर्च मात्र माझ्या बोटाने होते.

रेड्याशी स्वतःची तुलना करताना मी थोडा हसलो होतो. आता हसू येत नाही. रेड्याला आपण काय बोलतो आहोत हे कळत नसेल. पण ज्याचा हात मस्तकावर होता, तो जाणता होता. बोल त्याचे होते आणि त्यांची जबाबदारीही त्याचीच होती. मला तर बोलण्याचा अर्थ कळतो, शब्द जुळवणे हा माझा धंदा आहे. आणि तरीही ज्याला मी कधी पाहिले नाही, ज्याचा हेतू मला ठाऊक नाही, अशा कोणाचा तरी हात मी मुकाट्याने मस्तकावर ठेवून घेतो. त्या रात्रीचे चित्र पहिल्यांदा कोणी पाठवले ते शेवटपर्यंत कळले नाही. कळले असते तरी तात्यांपुढे मला त्याचे नाव सांगता आले नसते. त्यांच्या दारापर्यंत ते मीच नेले होते.

मी फोन टाकून दिलेला नाही. मोल्सवर्थ त्यातच आहे, आणि सुरतेची नात आता आजीला पाढे म्हणून दाखवते. फक्त एक नेम केला आहे. दुसऱ्याचा निरोप जसाच्या तसा ढकलायचा नाही. सांगावासा वाटला तर स्वतः टाइप करायचा, आणि जे पाहिले नाही त्याच्या शेवटी 'म्हणे' लिहायचे. बोटाला हे कष्ट पडू लागल्यापासून माझे बोलणे आपोआप निम्म्याहून कमी झाले आहे. तारेच्या काळातली वडिलांची पेन्सिल पुन्हा हातात आल्यासारखे वाटते. शाळेतली मुले हसतात, "सर, तुमच्या मेसेजला शेपूट असतं!" असू दे. बिबट्याचा विषय निघाला की मी वनविभागाला १९२६ या क्रमांकावर विचारतो आणि मग गटात लिहितो.

हे लिहीत असतानाच वसुबारस आली. गोठ्यात दिवे लागले आहेत. तात्यांच्या कपाळावरची खूण आता भुवईत मिसळून गेली आहे. ठाऊक असेल त्यालाच दिसते. मला रोज दिसते. आत्ताच त्यांचा फोन येऊन गेला. मळ्यातूनच बोलत होते, मागे पाण्याचा आवाज येत होता.

"मास्तर, वरच्या वस्तीला बिबट्या दिसला म्हणे. खरं का?"

"मी पाहिलेला नाही, तात्या. आत्ता विचारतो आणि तुम्हाला सांगतो. तोवर बॅटरी चालू ठेवा."

"व्हय, व्हय," ते म्हणाले. "तुम्ही सांगा, मग बघू."

मी फोन उचलला, आणि विचारायला सुरुवात केली.